शाळेत आणि गावात व्यसन-प्रतिबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालक, ग्रामपंचायत सदस्य आणि तरुण मंडळांचे कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे मुद्दा दुसरीकडे आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्यसनमुक्ती आणि व्यसन-प्रतिबंध यांत फरक काय?

व्यसनमुक्तीचं काम व्यसन लागल्यानंतर सुरू होतं: शरीरातली दारू उतरवणं, औषधं, समुपदेशन, पुन्हा घसरण होऊ नये म्हणून पाठपुरावा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आलं आहे. प्रतिबंध त्याच्या आधीचा. तंबाखूची पहिली चिमूट ओठाखाली जाऊच नये, गेली तर तिची सवय होऊ नये, यासाठी आधी केलेली व्यवस्था म्हणजे प्रतिबंध.

त्याचे तीन थर मानतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये ही विभागणी रूढ केली. सार्वत्रिक थर सगळ्यांसाठी असतो, म्हणजे सातवीच्या सर्व तुकड्यांना जीवनकौशल्यांचे तास. निवडक थर ज्यांच्या परिस्थितीत धोका जास्त आहे त्यांच्यासाठी: घरात दारू आहे, आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे मूल नातेवाइकांकडे आहे, शाळा सुटण्याच्या बेतात आहे. तिसरा लक्षित थर, ज्यांनी सुरुवात केली आहे पण अजून व्यसनी झालेले नाहीत त्यांच्यासाठी. बहुतेक शाळा पहिल्या थराचा एक दिवस साजरा करतात आणि तिसऱ्या थरातल्या मुलाला दाखला देऊन मोकळ्या होतात. मधला थर कुणाच्या ध्यानीमनीही नसतो.

२. 'मॉडेल' म्हणजे काय? व्याख्यानमालेला मॉडेल म्हणता येईल का?

नाही. कोणत्या कारणावर घाव घालायचा, कशाने, कुणावर, किती मात्रेत, आणि तो लागला की नाही हे कसं तपासायचं, हे सगळं जे सांगतं ते मॉडेल. व्याख्यानमालेत यातलं बहुधा फक्त 'कुणावर' ठरलेलं असतं.

आज चालणाऱ्या बहुतेक मॉडेलांच्या मुळाशी धोक्याचे आणि संरक्षक घटक ही कल्पना आहे. हॉकिन्स, कॅटलानो आणि मिलर या अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये तिची नीट मांडणी केली. आपल्याकडचे धोक्याचे घटक ओळखीचेच आहेत: शाळेच्या दारातली टपरी किंवा पानठेला, घरात खाणारे-पिणारे मोठे, पहिली-दुसरीपासूनच मारकुटं वागणं, चौथीत येऊनही वाचता न येणं, खाणारे मित्र, आणि फार लहान वयातली सुरुवात. संरक्षक घटक: ज्याच्याशी मनातलं बोलता येईल असं एक तरी मोठं माणूस, शाळेत आपली काही किंमत आहे ही भावना, घरात स्पष्ट आणि रोज तेच राहणारे नियम.

धोका म्हणजे भाकीत नव्हे. दारुड्या बापाची पुष्कळ मुलं आयुष्यात थेंबालाही शिवत नाहीत. पण एकावर एक घटक साचत जातात तशी शक्यता वाढते, म्हणून एकाच वेळी दोन-तीन घटकांवर काम करणारी मॉडेलं जास्त टिकतात. 'कम्युनिटीज दॅट केअर' हे त्यातलं सर्वांत पद्धतशीर. गावाने आधी मुलांचं निनावी सर्वेक्षण करायचं, कोणते दोन-तीन घटक सर्वांत वाईट आहेत ते शोधायचं, आणि त्यांच्यावरच चाचणीतून सिद्ध झालेले कार्यक्रम लावायचे. अमेरिकेत २००३ पासून सात राज्यांतल्या २४ गावांवर त्याची चाचणी झाली.

३. सुरुवात कोणत्या वयात करावी? नववी-दहावीत सांगितलं तर पुरत नाही का?

उशीर होतो. तंबाखू आणि सुपारीची ओळख पुष्कळ ठिकाणी पाचवी-सहावीतच झालेली असते. मशेरीने दात घासणाऱ्या घरात तर त्याही आधी, आणि तिथे त्याला कुणी व्यसन म्हणतही नाही.

ढोबळ हिशेब असा. पहिली-दुसरीत पदार्थांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, फक्त वर्गातली शिस्त आणि एकमेकांशी वागणं (पहा प्रश्न ७). तिसरी ते पाचवीत राग, कंटाळा आणि हट्ट हाताळायला शिकवायचं. सहावी ते आठवी हा मुख्य काळ, इथे जीवनकौशल्यांचे तास (पहा प्रश्न ६). नववीपासून उजळणी, आणि ज्यांनी सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी वेगळी मदत. चौथीच्या मुलांना एमडी, चरस, गांजा यांची चित्रांसह ओळख करून देणारे तक्ते दाखवू नयेत. ज्या वस्तूचं नावही माहीत नव्हतं, तिची ती जाहिरात ठरते.

४. आमच्याकडे २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, रॅली, शपथ आणि पोलीस अधिकाऱ्यांचं व्याख्यान होतं. एवढं पुरेसं नाही का?

नाही. हे सर्वांत जास्त विचारलं जातं आणि उत्तर कुणालाच आवडत नाही.

अमेरिकेत 'डेअर' नावाचा कार्यक्रम १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. गणवेशातले पोलीस शाळेत येऊन सतरा तास घेत. मुलांना आवडे, पालकांना आवडे, पुढाऱ्यांना तर फारच. पुढे अनेक अभ्यासांत दिसलं की काही वर्षांनी 'डेअर' घेतलेली आणि न घेतलेली मुलं यांच्यात फरक जवळजवळ उरत नाही. शेवटी २००९ च्या सुमारास त्यांनी अभ्यासक्रमच बदलला. तिथल्याच सरकारने १९९८ पासून काही वर्षं टीव्हीवर मोठी नशाविरोधी जाहिरात मोहीम चालवली. मूल्यमापनात मुलांचा गांजा कमी झाल्याचं आढळलं नाही. आणि 'डेअर'चे तर सतरा तास होते. आपल्याकडे एक असतो.

माहिती का पुरत नाही? कारण तेरा वर्षांचं मूल कर्करोगाचा हिशेब करून पुडी फोडत नाही. ते मित्रासमोर 'घाबरला' ठरू नये म्हणून फोडतं. त्या क्षणी त्याला फुप्फुसाचं चित्र आठवून उपयोग नसतो, तोंडातून वाक्य यावं लागतं. दुसरी अडचण अशी की 'आजची तरुणाई व्यसनाच्या विळख्यात' असं दर व्याख्यानात सांगितल्याने मुलाची खात्री पटते की सगळेच करतात, मागे राहिलो तो मीच.

तिसरी चूक खास आपली आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय आढळली, त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के (काही जण दोन्ही करतात). तरी भित्तिपत्रकांवर सिगारेटच. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा आणि घरोघरीची मशेरी चित्रातच नसल्यामुळे मुलाला ती व्यसनं वाटत नाहीत.

रॅली काढायचीच असेल तर काढा. पण ती कार्यक्रमाच्या उद्घाटनासारखी धरा, खरा कार्यक्रम म्हणजे नंतरचे पंधरा आठवडे (पहा प्रश्न ६).

५. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाचा अनुभव मुलांना ऐकवला तर परिणाम होईल ना?

मोठ्यांच्या सभेत, पालकांच्या बैठकीत जरूर ऐकवा. उपचार घेणाऱ्यांमध्ये तर तो फार मोलाचा. सहावी-सातवीच्या वर्गात मात्र हिशेब उलटतो. मुलांच्या डोक्यात उरतं ते एवढंच: हे काका सगळं करून बसले, आता व्यासपीठावर आहेत, टाळ्या मिळताहेत.

भीती दाखवण्याचं तर त्याहून वाईट. तुरुंगात नेऊन कैद्यांकडून मुलांना घाबरवण्याचा 'स्केअर्ड स्ट्रेट' हा प्रकार अमेरिकेत गाजला. चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की त्यातून गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. प्रतिबंधाच्या नावाखाली नुकसान होऊ शकतं याचं हे सर्वांत स्वच्छ उदाहरण (दुसरं प्रश्न १४ मध्ये).

६. जीवनकौशल्यांच्या तासात नेमकं काय करायचं? किती तास लागतात?

सर्वांत जास्त तपासलेला आराखडा गिल्बर्ट बॉटविन यांचा 'लाइफ स्किल्स ट्रेनिंग'. पहिल्या वर्षी १५ तास, दुसऱ्या वर्षी १० आणि तिसऱ्या वर्षी ५ उजळणीचे. युरोपातला 'अनप्लग्ड' १२ तासांचा आहे. आपल्या वेळापत्रकात पंधरा तास बसतात: जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून आठवड्याला एक तास धरला तर दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास पहिलं वर्ष पूर्ण होतं. एकाच आठवड्यात 'शिबिर' लावून पंधरा तास उरकू नयेत. मधल्या दिवसांत मुलांनी ते वापरून पाहणं हाच अर्धा भाग आहे.

आशय तीन भागांत येतो: स्वतःला हाताळणं (राग, ताण, निर्णय), लोकांशी बोलणं (ओळख करणं, मागणं, नाही म्हणणं), आणि पदार्थांबद्दलचे समज व दबाव. तिसरा भाग सर्वांत लहान असतो.

चाळीस मिनिटांचा 'नाही म्हणणं' हा तास असा चालतो. पहिली ५ मिनिटं मागच्या आठवड्यात काय करून पाहिलं ते विचारा. पुढची ७ मिनिटं शिक्षकाने स्वतः करून दाखवायचं: डोळ्यांत बघून, एका वाक्यात, कारणांची यादी न देता. 'नको रे, मी नाही खात' आणि लगेच विषय बदलणं, 'चल, ग्राउंडवर जाऊ'. मग २० मिनिटं तिघातिघांचे गट. एक आग्रह करणारा, एक नाही म्हणणारा, एक पाहणारा, आणि दर ५-६ मिनिटांनी भूमिका बदलायच्या. आग्रहाची वाक्यं मुलांकडूनच घ्या: 'एवढ्यानं काय होतंय', 'घे की, कोण बघतंय'. शिक्षकाने रचलेली वाक्यं खोटी वाटतात आणि वर्ग हसतो. शेवटची ८ मिनिटं पाहणाऱ्यांनी काय चांगलं जमलं ते सांगायचं आणि घरी करायचं एक काम द्यायचं.

एक पथ्य: ज्या मुलाने सुरुवात केली आहे असा संशय आहे, त्याला आग्रह करणाऱ्याची भूमिका देऊ नका. त्यात तो पटाईत असतो आणि वर्ग त्यालाच दाद देतो.

बिघडतं ते बहुधा एकाच ठिकाणी. घाई झाली की शिक्षक भूमिकानाट्य गाळतात आणि आशय फळ्यावर लिहून देतात. बॉटविन यांच्या दीर्घ पाहणीत ज्या मुलांना कार्यक्रमाचा किमान ६० टक्के भाग खरोखर मिळाला होता, त्यांच्यात परिणाम जास्त ठळक होता.

भारतातही याचा पुरावा आहे. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ मध्ये 'मैत्री' प्रकल्प झाला. वर्गातले तास, मुलांनीच चालवलेले उपक्रम, भित्तिपत्रकं आणि पालकांना पोस्टकार्डं असं त्याचं स्वरूप होतं. दोन वर्षांत या शाळांतला तंबाखूचा वापर घटला, इतर शाळांत तो वाढला.

७. पहिली-दुसरीच्या वर्गात करण्यासारखं काही आहे का?

आहे, आणि सगळ्या मॉडेलांत ते सर्वांत स्वस्त आहे. 'गुड बिहेवियर गेम' १९६९ मध्ये अमेरिकेत कॅन्सस इथे एका चौथीच्या वर्गातल्या गोंगाटावर उपाय म्हणून तयार झाला. पुढे बाल्टिमोरमध्ये १९८५-८६ साली पहिलीच्या वर्गांत त्याची चाचणी झाली आणि ती मुलं १९ ते २१ वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. हा खेळ खेळलेल्या मुलांपैकी जे मुलगे पहिलीत सर्वांत आक्रमक होते, त्यांच्यात अमली पदार्थांच्या गंभीर समस्या लक्षणीयरीत्या कमी आढळल्या.

कृती अशी. वर्गाचे तीन-चार संघ करा. दंगेखोर, शांत, मुलगे, मुली प्रत्येक संघात सारखे वाटून घ्या. फळ्यावर चार नियम: हळू बोलू, एकमेकांशी नीट वागू, जागेवर बसू, सांगितलेलं करू. खेळ सुरू झाल्याचं जाहीर करा, सुरुवातीला दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. कुणी नियम मोडला की शांत आवाजात नियम सांगून त्या संघाच्या नावापुढे एक खूण करा. मुलावर ओरडायचं नाही, भाषण नाही. वेळ संपल्यावर ज्यांच्या चार किंवा कमी खुणा ते सगळे संघ जिंकले. सगळेच जिंकू शकतात, हा खेळाचा आत्मा आहे. बक्षीस छोटं ठेवा: एक स्टिकर, दोन मिनिटं जास्त खेळ. हळूहळू वेळ वाढवा, वस्तूंची बक्षिसं कमी करा, आणि काही आठवड्यांनी खेळ न सांगता सुरू करा.

दोन चुका नेहमी होतात. 'जास्त गुण तो पहिला' अशी स्पर्धा केली की हरणारा संघ आपल्यातल्या दंगेखोर मुलाला मधल्या सुट्टीत बदडतो. आणि एकच मूल मुद्दाम खुणा वाढवत असेल तर त्याला काही दिवस एकट्याचा संघ करून द्या, सगळ्या संघाला त्याची शिक्षा नको.

८. शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे. बाहेरचा माणूस नेमला तर चालेल का?

चालेल, कदाचित जास्तच चांगलं चालेल. गोव्याच्या 'संगथ' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत 'सेहर' ही चाचणी केली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. काही शाळांत मानसशास्त्राची पदवी नसलेला, पण प्रशिक्षण दिलेला पूर्णवेळ माणूस नेमला, काही शाळांत तेच काम शिक्षकाकडे दिलं, तर काही शाळांत यातलं काहीच केलं नाही. काम साधं होतं: महिन्याला एक विषय, भित्तिपत्रक, नाव न लिहिता तक्रार टाकण्याची पेटी, शाळेची समिती, आणि गरज असेल त्या मुलाशी एकट्याने बोलणं. बाहेरच्या माणसाच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही.

यात शिक्षकांचा दोष शोधू नये. जो परीक्षेत गुण देतो, त्याच्याजवळ मूल घरातली गोष्ट बोलत नाही. नेमणूक शक्य नसेल तर निदान पेटी ठेवा आणि ती आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी दोघांनी मिळून उघडा. तक्रार टाकून महिनाभर काही झालं नाही, तर दुसरी चिठ्ठी येत नाही.

९. पालकसभेला मोजके लोक येतात, तेही आयाच. पालकांना कसं गुंतवायचं?

सभा हाच मुळात चुकीचा साचा आहे. 'स्ट्रेंग्थनिंग फॅमिलीज १०-१४' या मॉडेलमध्ये सात आठवडे, आठवड्यातून दोन तास असतात. पहिला तास पालक एका खोलीत आणि मुलं दुसऱ्या खोलीत, दुसरा तास दोघं एकत्र काम करतात. तिथे शिकवतात ते अगदी व्यवहारातलं: नियम कसा सांगायचा, मोडल्यावर छोटी पण ठरलेली शिक्षा कशी द्यायची, मुलाचं ऐकून कसं घ्यायचं. भाताच्या लावणीत किंवा ऊसतोडीच्या हंगामात सात आठवडे कुणी देणार नाही. सुगीनंतरचा काळ, रात्री आठनंतर, शाळेऐवजी वस्तीवरच्या समाजमंदिरात, दीड तास आणि धाकट्या पोरांना सांभाळायला कुणीतरी, असं केलं तर माणसं येतात. वडील येत नसतील तर दुधाच्या डेअरीवर पाच मिनिटं मिळतात, ती घ्या.

सात आठवडेही शक्य नसतील तर तीन गोष्टी तेवढ्या पोहोचवा. मुलाला पुडी आणायला टपरीवर पाठवू नका. संध्याकाळी मूल कुठे आणि कुणाबरोबर आहे, हे रोज माहीत असू द्या. आणि 'आमच्या घरात हे चालत नाही' हे वाक्य एकदा तरी स्पष्ट म्हणा, तुम्ही स्वतः खात असलात तरीही.

१०. शाळेपासून टपरी किती अंतरावर हवी? ते मोजायचं कुठून?

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ नुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, तंबाखूविक्रीला बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला कुठेही विकता येत नाही, मग पोरगं 'बाबांसाठी नेतोय' म्हणो. अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत चहूबाजूंनी मोजायचं, फाटकापासून रस्त्याने नव्हे. टपरीवाले 'रस्त्याने दीडशे मीटर होतं' म्हणतात, तिथे हा मुद्दा कामी येतो. केंद्राच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या नियमावलीत या हद्दीवर पिवळी रेषा मारायला सांगितलं आहे.

गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. सुटी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून मनाई आहे. हा नियम किरकोळ वाटतो, पण मुलं पाकीट घेत नाहीत, एकच घेतात. आधी टपरीवाल्याशी बोला. बऱ्याचदा तो तंबाखू सोडून बाकीचा माल ठेवायला तयार होतो आणि शाळेची गिऱ्हाइकी सांभाळतो. नाही ऐकलं तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

११. मग सरळ दारूबंदीच का करू नये?

उपलब्धता कमी केल्याने वापर कमी होतो, याबद्दल शंका नाही. पण बंदी कागदावर येणं आणि गावात येणं वेगळं. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून बंदीत आहे. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत नुसती बंदी पुरत नाही हे ओळखून २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' सुरू झालं. त्याचे चार पाय आहेत: जनजागृती, गावाची सामूहिक कृती, शासनाकडून अंमलबजावणी आणि व्यसनींना उपचार. चौथा पाय नसेल तर पिणारा शेजारच्या गावात जातो किंवा हातभट्टीकडे वळतो.

तुमच्या गावात परवानाधारक दुकान असेल तर मतदानाने ते बंद करता येतं. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन दिलं की पडताळणी होऊन मतदान लागतं. 'आडव्या बाटली'ला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूच्या चिन्हाला, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून नव्हे. ठराव पडतात ते इथेच: बाहेरगावी गेलेल्या, आजारी आणि मयत पण यादीत असलेल्या बायका सगळ्या विरोधात धरल्या जातात. म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी दुरुस्त करून घ्या.

१२. आइसलँडने मुलांची व्यसनं संपवली म्हणतात. ते इथे जमेल?

संपवली नाहीत, पण खूप खाली आणली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत गेल्या महिन्यात दारू चढेपर्यंत प्यालेल्यांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ वरून ३ टक्क्यांवर आले. त्यांनी दरवर्षी सर्वेक्षण करून निकाल काही आठवड्यांत प्रत्येक शाळेला दिला, मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहण्यावर कायद्याने वेळ घातली, पालकांनी एकत्र करार केले, आणि खेळ-संगीताच्या शिकवणीसाठी नगरपालिकेने पैसे दिले.

तिथे लोकसंख्या चार लाखांच्या आतली आणि पैसा भरपूर. म्हणून सगळंच्या सगळं उचलू नका. दोन गोष्टी मात्र आपल्याकडे आधीच आहेत: तालमी आणि कबड्डी-खो-खोची मैदानं. अट एवढीच की तिथे रोज ठरलेल्या वेळी एक जबाबदार मोठं माणूस असावं. देखरेख नसलेलं मैदान संध्याकाळी सातनंतर वेगळ्याच कामाला येतं.

१३. एका मुलाच्या दप्तरात गुटखा (किंवा व्हाइटनर) सापडला. काय करावं?

वर्गासमोर काहीही नाही. वस्तू बाजूला ठेवा, तारीख लिहा, आणि त्याच दिवशी एका शिक्षकाने एकट्याने बोलावं. विचारायचं ते: कधीपासून, किती वेळा, कुणाबरोबर, आणि न घेतल्यावर काय होतं? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. चिडचिड, हाताला कंप, झोप न लागणं अशी उत्तरं आली तर डॉक्टरांकडे पाठवा. एक-दोनदा करून पाहिलं असेल तर पालकांना बोलवा, दोन महिने दर आठवड्याला पंधरा मिनिटं त्याच्याशी बोला, आणि त्याला शाळेतलं एखादं खरं काम द्या. दाखला देऊन काढणं हा सर्वांत वाईट पर्याय. शाळेशी असलेला धागा हा त्याचा उरलेला संरक्षक घटक असतो, तोच तुम्ही कापता.

व्हाइटनर, थिनर किंवा पंक्चरचं सोल्युशन हुंगताना मूल सापडलं तर पाठलाग करू नका, ओरडू नका. या द्रावकांमुळे हृदय अतिसंवेदनशील झालेलं असतं, अचानक घाबरून धावल्याने ते बंद पडू शकतं. शांतपणे हातातलं काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा, दवाखान्यात न्या. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत मुलांमधलं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आढळलेला हा एकच प्रकार होता.

कायद्याची धास्ती अनेकांना असते. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे कायद्याचा रोख पदार्थ देणाऱ्यावर आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार मात्र मान्यताप्राप्त ठिकाणी घ्यावे लागतात आणि पूर्ण करावे लागतात.

१४. व्यसनाला सुरुवात केलेल्या पाच-सहा मुलांचा एक गट करून समुपदेशन केलं तर वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल, मुलं बिघडतील. टोळीत बसली की ती एकमेकांच्या प्रतापांवर हसतात, आणि ते हसू हेच बक्षीस ठरतं. अमेरिकेत टॉमस डिशियन यांनी अशा गटांचा अभ्यास केला, तेव्हा काही गटांत तंबाखू आणि उपद्रव वाढलेला आढळला. मुलाशी एकट्याने बोला, किंवा गट करायचाच तर बहुतांश न खाणारी मुलं आणि त्यांत एखादं असं मूल, असा करा.

१५. शाळेत लघवीची चाचणी किंवा अचानक झडती घ्यावी का?

अचानक चाचण्यांनी शाळांतला वापर कमी होतो याचा भक्कम पुरावा नाही. विश्वास मात्र नक्की जातो, आणि चुकीचा निकाल आला तर त्या मुलाचं नाव गावभर होतं. पैसा समुपदेशकाकडे वळवा (पहा प्रश्न ८).

१६. मोबाइल गेम, ऑनलाइन जुगार, मारामाऱ्या यांनाही हीच मॉडेलं चालतात का?

बऱ्याच अंशी. प्रश्न २ मधले धोक्याचे घटक यांनाही लागू पडतात, म्हणूनच प्रश्न ७ मधला खेळ मारामारीवर आणि पुढे व्यसनावर, दोन्हीवर चालतो. फरक एवढाच की मोबाइलवर पूर्ण बंदी घालता येत नाही, तिथे वापराला वेळ आणि जागा ठरवावी लागते: जेवताना नाही, रात्री चार्जर आईवडिलांच्या खोलीत. गेमचा विकार म्हणायला जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार साधारण १२ महिने ताबा सुटलेला असावा लागतो. सुट्टीत पंधरा दिवस खेळणाऱ्या पोराला व्यसनी म्हणू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे.

१७. घरातच मुलाला थोडी बिअर दिली तर त्याला बाहेरचं आकर्षण राहणार नाही, हे खरं का?

शहरी घरांतून हा प्रश्न वाढतो आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं माग ठेवल्यावर दिसलं की घरून मिळालेल्या दारूने संरक्षण मिळत नाही. उलट त्या मुलांत अति पिणं आणि इतर ठिकाणाहून दारू मिळवणं जास्त आढळलं. शिवाय महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि इतर मद्यासाठी २५ आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ (पहा प्रश्न १३) पालकालाही लागू होऊ शकतं.

१८. वडील रोज पितात. अशा मुलीला शाळेने काय सांगावं?

तिला तीन गोष्टी सांगा, याच क्रमाने: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, ते तुला आवरता येणार नाही, आणि बरं करणं हे तुझं काम नाही. बाटली लपवायची किंवा बाबांना समजवायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. रात्री भांडण झालं तर कोणत्या घरी जायचं, हे दिवसा शांतपणे ठरवून ठेवा. त्या घरातल्या मावशींना आधी विचारा. गृहपाठ शाळेतच करू द्या. वर्गात दारूवर तास असेल त्या दिवशी 'दारुडा बाप' असं उदाहरण देऊ नका, ती मान खाली घालते आणि पुढचं काही ऐकत नाही.

१९. परिणाम झाला की नाही, हे कसं मोजायचं?

किती मुलांनी शपथ घेतली हे मोजमाप नव्हे. कार्यक्रमाआधी आणि वर्षानंतर त्याच इयत्तांत निनावी प्रश्नावली भरून घ्या: गेल्या ३० दिवसांत तंबाखू, खर्रा, दारू किती दिवस घेतली, आणि तुझ्या मते वर्गातली शंभरातली किती मुलं घेतात? नाव, हजेरी क्रमांक, अक्षर ओळखू येईल असं काही नको, फक्त खुणा. वर्गशिक्षक त्या वेळी वर्गाबाहेर. यादीत एक अस्तित्वातच नसलेल्या पदार्थाचं नाव टाका. तोही 'घेतो' म्हणणाऱ्यांचे कागद बाजूला ठेवा, ते फुशारकी मारताहेत.

शक्य असल्यास शेजारच्या, कार्यक्रम न झालेल्या शाळेतही तीच प्रश्नावली द्या. सातवीतली मुलं आठवीत जाताना वापर वाढतोच. तो तुमच्याकडे कमी वाढला, तर तेही यश आहे. एक सावधगिरी: 'बहुतेक मुलं खात नाहीत' हे निकाल फलकावर लावणं उपयोगी ठरतं, पण तुमच्या शाळेत निम्म्याहून जास्त खात असतील तर तो आकडा लावू नका. तो उलट परवाना ठरेल.

२०. मदतीसाठी कोणते क्रमांक द्यावेत?

व्यसनाबाबत मार्गदर्शन १४४४६. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. मानसिक आरोग्य, टेलिमानस १४४१६. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती द्यायची असेल तर १९३३. हे कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावले तर चारचौघांसमोर उतरवून घेण्याची कुणाची हिंमत होत नाही. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.